अशरफीला किती गुण?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

आज मी एका नाण्याबद्दल बोलणार आहे. कवीनं नाण्याबद्दल बोलावं हे जरा विचित्रच, कारण कवीच्या खिशाची आणि नाण्याची ओळख फारशी नसते. त्यातून हे नाणं सोन्याचं. पण ते माझ्या दादीचं आहे, आणि माझ्या हातून त्याचं जे नुकसान झालं ते तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. मधली दुमजली इमारत १९१७ सालची, फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली. तिच्यात अंबाबाईचं देऊळ. भोवतीच्या रस्त्यांवर कुठं मिरची, कुठं गूळ, कुठं चपला, आणि एका बाजूला सोनं. गेल्या वर्षी मी नांदेडहून एसटीनं लातूरला गेलो, ते या सोन्याच्या बाजूला. रुमालात बांधलेली एक अशरफी शर्टाच्या आतल्या खिशात होती, आणि अहमदपूर येईपर्यंत मी ती किमान दहादा चाचपली असेल. जुन्या नाण्यांचे एक जाणकार एका दुकानाच्या माळ्यावर बसतात, असं कळलं होतं.

त्यांनी नाणं तळहातावर घेतलं नाही. अंगठा आणि तर्जनीत कडांना धरलं, खाली मखमलीचा तुकडा होताच. दिव्याखाली हळूच एकदा इकडं, एकदा तिकडं कलवलं. भिंग लावलं. काट्यावर ठेवलं. हे सगळं मिनिटभरात. मग मला विचारलं, "सर, उजळून कधी घेतलं?"

मी काही सांगितलं नव्हतं. म्हणालो, "मागच्या महिन्यात."

"आणि कडी?"

"तीही तेव्हाच काढली."

त्यांनी नाणं मखमलीवर ठेवलं आणि म्हणाले, "सोनं अस्सल, नाणं अस्सल. पण आता याला नंबर नाही."

परीक्षेत नापास झालेल्या पोराच्या बापासारखा मी त्यांच्याकडं बघत राहिलो. हा नंबर म्हणजे काय, ते मग त्यांनी मला दोन तास समजावून सांगितलं. त्याआधी अशरफी काय असते ते सांगतो, कारण आता लातूर-नांदेडच्या निम्म्या घरांत हा शब्दही उरलेला नाही.

इजिप्तच्या अल-अशरफ बर्सबाय नावाच्या सुलतानानं १४२५ साली सोन्याचा नवा दिनार पाडला. त्याच्या किताबावरून त्या नाण्याला अशरफी म्हणू लागले. नाव इराणमार्गे हिंदुस्थानात आलं आणि हैदराबाद संस्थानात अगदी परवापरवापर्यंत टिकलं. आपल्याकडं निजामाच्या काळी चांदीचा रुपया चालायचा तो हाली सिक्का, आणि इंग्रजांचा तो कलदार. शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा हाली पडायचे. अशरफी मात्र या हिशेबात नव्हती. ती बाजारात भाजी घ्यायला निघायची नाही. तिचा भाव सोन्याच्या भावाबरोबर वरखाली व्हायचा, आणि तिची कामं वेगळी होती: दरबारात नजराणा, लग्नात आहेर, आणि मेहर.

माझ्या दादीच्या निकाहनाम्यात मेहर लिहिलेला आहे, पाचशे रुपये सिक्का-ए-उस्मानिया आणि दोन अशरफ्या. कागद जीर्ण झालाय, पण शाई स्वच्छ आहे. मी बोलतोय ती त्या दोनांतली एक.

तिच्या एका बाजूला चारमिनार आहे. मधल्या कमानीत एक अक्षर आहे, ऐन. ऐन म्हणजे उस्मान अली खान, सातवे निजाम. त्यांच्या आधीच्या महबूब अली खान यांच्या नाण्यांवर त्याच जागी मीम असतं. उस्मान अली खान १९११मध्ये गादीवर आले तेव्हाच्या अगदी पहिल्या नाण्यांवर हा ऐन अर्धवटच उमटवलेला आहे, पूर्ण ऐन नंतर आला. त्या अर्ध्या ऐनासाठी संग्राहक जीव टाकतात. दुसऱ्या बाजूला मधोमध किंमत, एक अशरफी, आणि भोवती टांकसाळीचं नाव, फर्खुंदा बुनियाद हैदराबाद. वजन साधारण ११.१८ ग्रॅम, म्हणजे तोळ्याला थोडं कमी. त्यात शेकडा ९१ सोनं. आमच्या अशरफीवर हिजरी १३४३ आहे. म्हणजे इसवी १९२४-२५. उर्दू आकडे मला दादीनं याच नाण्यावर शिकवले. शाळेत जाण्याआधी मला एक, तीन आणि चार हे तीनच आकडे यायचे, ते यामुळं.

आता नंबराकडं येऊ.

नाण्याची पारख आपल्याला नवी नाही. पारखी, सराफ, कसोटी, कस, बट्टा हे शब्द रोजच्या मराठीत आहेत. चोख माणसाला आपण बावनकशी म्हणतो, नावाला बट्टा लागतो म्हणतो. हा बट्टा मुळात नाण्याचाच. टांकसाळीतून नुकताच निघालेला रुपया पूर्ण किमतीचा. जुना झाला की सराफ त्यावर बट्टा धरायचा. झीज खरी असो की नसो, साल जुनं दिसलं की बट्टा. त्यात सराफांनी किती कमावलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

अकबराच्या काळी या झिजेचा तक्ताच होता. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त तो दिला आहे. अकरा माशांची गोल मोहर ३६० दामांची. तीन तांदळांच्या वजनाइतकी झिजली तर माफ. चार ते सहा तांदूळ झिजली तर ३५५ दाम. सहा ते नऊ तांदूळ, तर ३५०. त्याहून जास्त झिजली की ती मोहर नाही, नुसतं सोनं. मला हा तक्ता फार आवडतो. हातोहात फिरणाऱ्या वस्तूनं थोडं झिजावं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

आजचा तक्ता अमेरिकेतून आला. विल्यम शेल्डन नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता, माणसांच्या शरीराच्या बांध्यावरून त्यांचे स्वभाव ठरवणारा. त्याला जुन्या तांब्याच्या सेंटांचा नाद. १९४९ साली त्यानं या सेंटांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी सुचवली. कल्पना अशी, की जेमतेम ओळखू येणारं नाणं एक गुणाचं, तर निष्कलंक नाणं सत्तर गुणांचं, आणि त्याची किंमतही सत्तर पट. किमतीचं गणित पुढं कोलमडलं, पण सत्तरचा आकडा राहिला. तांब्यासाठी केलेली पट्टी सोन्याचांदीला लागली. १९८६मध्ये पीसीजीएस आणि १९८७मध्ये एनजीसी या कंपन्या तिकडं निघाल्या. त्या नाणं तपासतात, गुण देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. मग लोक नाण्याचा नाही, डबीचा भाव करतात. साठच्या पुढचे गुण म्हणजे नाणं कधी वापरातच आलं नाही. चाळीस-पंचेचाळीस म्हणजे थोडं फिरलेलं, वीस-तीसचं बऱ्यापैकी फिरलेलं. आपल्याकडचे दलाल आकड्यांपेक्षा शब्द वापरतात, अनसर्क्युलेटेड, एक्स्ट्रा फाइन, व्हेरी फाइन, फाइन. पण मतलब तोच. एका पायरीचा फरक पडला की दुर्मीळ नाण्याची किंमत दुप्पट-तिप्पट होऊ शकते. सोनं तेवढंच, वजन तेवढंच, छाप तोच. कवितेला गुण देणाऱ्या परीक्षकांवर मी आयुष्यभर चिडत आलो. इथं निदान परीक्षक भिंग तरी लावतात.

त्या माळ्यावर मी जे शिकलो त्यातलं थोडं सांगतो. कुणाच्या घरी आजीच्या पेटीत एखादी मोहर असेलच.

टांकसाळीत ठसा जोरानं बसतो तेव्हा सोनं क्षणभर वाहतं, आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. दिव्याखाली नाणं कलवलं की त्या रेषांमुळं उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गरगर फिरतो. ही टांकसाळीची झळाळी. ती एकदाच मिळते, पुन्हा आणता येत नाही. नाणं वापरात आलं की आधी उंच भाग झिजतात. चारमिनारच्या अशरफीवर मिनारांच्या बारीक रेषा आणि कमानींची नक्षी बघायची. ती पुसट झाली तर झीज. पण इथं एक फसगत आहे. ठोकाच नीट बसला नसेल तरी त्या रेषा पुसट दिसतात. झिजेची जागा गुळगुळीत आणि मंद असते. ठोका कमी बसलेल्या जागेवर झळाळी शाबूत असते. हा फरक ओळखता आला की निम्मी पारख जमली, असं ते म्हणाले. मला अजून जमलेली नाही.

मग स्वच्छतेचा प्रश्न. आपल्या बायकांना सोनं मळलेलं आवडत नाही. रिठ्याच्या पाण्यानं धुतलं तर फारसं बिघडत नाही. पण कुणी राखेनं घासतं, कुणी टूथपेस्टनं, आणि सोनार बफचं चाक लावतो. मग नाणं आरशासारखं चमकतं, पण ती चमक मेलेली असते. पट्टा फिरत नाही, भिंगात एकाच दिशेनं गेलेले हजारो ओरखडे दिसतात. जाणकार ते दुरून ओळखतो.

तिसरी गोष्ट कडी. नाणं गळ्यात घालायचं तर वरच्या कडेला कडी झाळायची. कडी काढली तरी झाळेच्या जागी रंग वेगळा दिसतो, दातेरी कड बुजलेली असते, कानस मारलेली कळते. अशा नाण्याला त्या कंपन्या गुणच देत नाहीत. चिठ्ठीवर नुसतं लिहितात, अमुक दर्जाचे तपशील दिसतात, कडी काढलेली आहे, साफ केलेलं आहे. नंबर नाही, तो या अर्थानं.

खोट्या नाण्यांबद्दलही सांगायला हवं. नांदेडला गुरुद्वाऱ्यात देशभरातून भाविक येतात, आणि सराफ्यात कुणी ना कुणी रोज एखादं 'फार जुनं' नाणं दाखवायला आणतं. बहुतेक वेळा ते देवस्थानाजवळ विकलं जाणारं टोकन असतं. ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, आणि वर राम-दरबार किंवा मारुती, असं नाणं तुम्हीही पाहिलं असेल. कंपनीनं असली नाणी कधी पाडलीच नाहीत. तरी त्याचे करोडो रुपये येतात, या आशेवर लोक ते घेऊन हिंडतात. सोन्याच्या नाण्यात खोटेपणा वेगळा: साच्यात ओतलेलं असतं, कडेला शिवण दिसते, अक्षरं सुजल्यासारखी वाटतात. वजन हवेत करायचं आणि मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून करायचं. अशरफी पाण्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडी जास्त हलकी भरते, साधारण ०.६४ ग्रॅम. एक ग्रॅमनं हलकी भरली तर आत दुसरंच काही आहे.

हे सगळं ऐकताना मला एक गोष्ट खटकत होती. ही पट्टी यंत्रातून निघालेल्या नाण्याला ठीक आहे. पण आपल्याकडची जुनी सोन्याची नाणी यंत्रातली नव्हेत. देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक घ्या. पावणेचार ग्रॅमची सोन्याची पातळ, खोलगट चकती. मधोमध कमळाचा ठसा, आणि भोवती श्री, शंख, राजाचं नाव असे एकेक ठसे वेगवेगळे ठोकलेले. सिंघण, महादेव, रामचंद्र यांची अशी नाणी आहेत. पाच ठसे हातानं ठोकायचे म्हटल्यावर एखादा अर्धा बाहेर जाणार, एखादा दुसऱ्यावर चढणार. ही झीज नाही आणि दोषही नाही, ती करायची रीतच तशी होती. अशा नाण्यात राजाचं नाव पूर्ण वाचता येतं का, हे आधी बघतात, मग बाकीचं. म्हणजे पट्टीआधी ते नाणं कसं घडलं हे ठाऊक पाहिजे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली नाणकशास्त्राची संशोधन संस्था निघाली, परमेश्वरीलाल गुप्तांसारखा विद्वान तिथं आला, ते याचसाठी. मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयात असं काही का होऊ नये, हा माझा जुना प्रश्न आहे. राजधानी आमची आणि शाळा नाशिकला.

आणि पुतळ्या! पुतळीमाळ मराठी घरात कुणी पाहिली नाही? पण ती पुतळी मुळात कुणाची, हे माळ घालणारीला ठाऊक नसतं. व्हेनिसचं डुकाट हे साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं १२८४ साली सुरू झालं आणि १७९७पर्यंत, पाचशेहून जास्त वर्षं, तेच चित्र घेऊन निघत राहिलं. एका बाजूला संत मार्कपुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या अंडाकृतीत येशू. व्यापारात ते इकडं आलं. आपल्या लोकांनी त्यावरच्या आकृती पाहून त्याला पुतळी म्हटलं आणि माळेत ओवलं. मग आपल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या, नकलांच्या नकला केल्या, येशूचा राम झाला, लक्ष्मी झाली. देशमुखाच्या वाड्यात गौरीपुढं बसलेल्या सासुरवाशिणीच्या गळ्यात व्हेनिसचा संत! अशी एक अस्सल पुतळी त्या जाणकारांनी मला दाखवली. ती किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात जी घरं दगडमातीसकट बसली, त्यातल्या एका घराच्या ढिगाऱ्यातून निघालेली. मधोमध दुमडलेली आहे. त्यांनी ती सरळ केली नाही. "सरळ करणं पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाले, "म्हणूनच केलं नाही."

तेव्हा मला आमच्या अशरफीवरच्या रेघेची आठवण झाली, आणि पोटात खड्डा पडला. ती रेघ समजायला १९४८कडं जावं लागेल.

आमचं गाव उदगीर भागातलं. तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. पोलीस ॲक्शनच्या आधीचं वर्ष रझाकारांच्या धाकाचं. गावोगावी लोक सोनंनाणं पुरून ठेवत होते, काही जण गाव सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेले होते. आमच्या शेजारच्या लिंगायत घरातल्या काकूनं तिची पुतळीमाळ त्या वर्षी दादीकडं ठेवली होती. मुसलमानाच्या घरावर रझाकार येणार नाहीत, हा साधा हिशेब. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत संस्थान संपलं, आणि हिशेब उलटला. पुढच्या दिवसांत आमच्या लोकांवर जे गुजरलं त्याची चौकशी करायला भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिनं सर्वांत जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड आहेत. त्या दिवसांबद्दल आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. दादी बोलायची, पण ती नाण्याबद्दल.

ती म्हणायची, एका रात्री काकू मागच्या दारानं आली, माळ परत न्यायला. आणि जाताना म्हणाली, आता तुझं माझ्याकडं दे. दादीनं गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून दोन्ही अशरफ्या काढल्या. पण काकूकडं आणखी दोन-तीन घरच्या बायकांच्या चिजा होत्या, आणि अशरफ्या सगळ्या सारख्याच. त्या परत ओळखायच्या कशा? दादी अंगठा टेकवून सही करणारी. तिनं गोधडीची सुई घेतली आणि दोन्हींवर, किंमत लिहिलेल्या बाजूला, खालच्या अंगाला एकेक आडवी रेघ ओढली. काकूनं त्या उतरंडीच्या तळच्या गाडग्यात जोंधळ्यात दडवल्या. अडीच महिने त्या तिथं होत्या. परत आल्या तेव्हा दादीनं आधी रेघ बघितली, मग सलाम केला, असं काकूच नंतर हसून सांगायची.

जाणकारांच्या भाषेत हा 'मुद्दाम केलेला ओरखडा'. त्याचेही गुण कापतात.

दुसरी अशरफी १९७२च्या दुष्काळात गेली. त्या वर्षी मराठवाड्यात किती सोनं मुशीत गेलं असेल! विहिरी आटल्या, जनावरं दावणीवरून विकली, माणसं खडी फोडायला गेली. अब्बांनी अशरफी उदगीरच्या बाजारात नेली. घेणाऱ्यानं चारमिनार बघितला नाही, कसोटीवर घासून काटा लावला. त्या पैशात दोन पोती मिलो आणि एक पावसाळा निघाला. मला त्याची खंत वाटत नाही. नाणं भुकेच्या दिवशी मोडण्यासाठीच असतं. खंत वाटते ती दुसऱ्या अशरफीची, कारण आम्हाला कसलीही भूक नव्हती.

मुलीचं लग्न ठरलं होतं. घरात विचार निघाला की अशरफी मोडून तिला झुमके करावेत. मी म्हणालो, नाण्याला सोन्यापेक्षा जास्त भाव येतो म्हणतात, एकदा विचारून बघू. आणि दाखवायला न्यायचं तर नीट दिसलं पाहिजे, म्हणून मीच ती आमच्या गावातल्या एका दुकानात दिली. कडी काढा, पॉलिश करा, मीच सांगितलं. कारागिरानं विचारलंही, "ही खालची रेघ घालवू का?" मी मोबाइलवर बोलत होतो. हातानं खूण केली, करा काय करायचं ते.

दादी १९८९मध्ये गेली. लहानपणी एकदा मी ही अशरफी मातीनं घासत बसलो होतो, तेव्हा तिनं हातातून काढून घेतली होती. म्हणाली होती, "इसकू नक्को घिस रे बाबा. इत्ताच बचा है." तेव्हा मला वाटलं होतं, ती सोन्याबद्दल बोलतेय.

जाणकारांच्या काट्यावर अशरफी ११.०५ ग्रॅम भरली. टांकसाळीतल्या वजनापेक्षा ०.१३ ग्रॅम कमी. परतीच्या एसटीत मी ढोबळ हिशेब मांडला. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, गुंजेचे आठ तांदूळ. म्हणजे दादीचा गळा, सुई, कानस आणि बफचं चाक मिळून साडेआठ-नऊ तांदूळ गेले. अकबराच्या खजिनदारानं ती थोडा बट्टा धरून अजून मोहर म्हणूनच घेतली असती. अमेरिकेच्या डबीत तिला जागा नाही. तशी ती आता तिकडं जाऊही शकत नाही. शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. हिजरी १३४३च्या नाण्याची शंभरी भरली आहे.

तुमच्या घरी असं नाणं असेल तर घासू नका, कडी काढू नका, दोन नाणी एकमेकांवर आपटतील अशी एका पुडीत ठेवू नका. मऊ सुती कापडात किंवा साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर वजन लिहा, साल लिहा. आणि ते कुणाच्या गळ्यात होतं, कुणी कुठं दडवलं होतं, कुणी परत आणून दिलं, हेही लिहा. ते लिहायला कुठल्याही कंपनीच्या चिठ्ठीवर रकाना नसतो, आणि सांगणारी माणसं आमच्या घरात आता राहिलेली नाहीत.

झुमके दुसऱ्या सोन्याचे झाले. निकाहच्या आदल्या रात्री मी ही सगळी हकिगत मुलीला सांगितली आणि पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं नाणं काढलं, कडांना धरलं, हे तिला मी शिकवलं होतं, आणि मोबाइलचा दिवा लावून अगदी आडवा धरला. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "अब्बा, पुरी नाही गेली. इकडची अर्धी दिसते बघा."

मी चश्मा लावून बघितलं. किंमतीच्या खाली, डाव्या अंगाला, केसाएवढी.